१९ मे २०२२ : एक आदेश आणि त्याच्या बातम्या

सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ रोजी एक आदेश दिला. पीठ होतं न्या. एल. नागेश्वर राव, आपल्या अमरावतीचे न्या. भूषण गवई आणि न्या. ए. एस. बोपण्णा यांचं. माध्यमांनी तो उचलला आठवडाभराने, आणि मग दोन दिवस वाहिन्या, संकेतस्थळं, वर्तमानपत्रं सगळीकडे एकच सूर होता : देहविक्रीला सर्वोच्च न्यायालयाने ‘व्यवसाय’ म्हणून मान्यता दिली, पोलिसांनी आता मध्ये पडायचं नाही. संध्याकाळच्या चर्चांमध्ये लगेच दोन तट पडले. एका बाजूला संस्कृती बुडाल्याचा आक्रोश, दुसऱ्या बाजूला पुरोगामी निकालाचं स्वागत. भांडणारे दोघेही एक गोष्ट गृहीत धरून होते, ती म्हणजे न्यायालयाने खरोखरच असं काही ठरवलं आहे.

न्यायालयाने तसं ठरवलेलं नव्हतं. माध्यमं आणि देहविक्रीचा प्रश्न यांचं नातं समजून घ्यायला मला हे प्रकरण फार महत्त्वाचं वाटतं. आदेशात प्रत्यक्ष जे होतं, त्यातला बराचसा भाग मथळ्यापर्यंत पोचलाच नाही, आणि त्यात माध्यमांना उद्देशून केलेली एक शिफारसही होती.

या आदेशाचं मूळ एका खुनात आहे. सप्टेंबर १९९९ मध्ये कोलकात्यात देहविक्री करणाऱ्या एका स्त्रीला एका पुरुषाने अमानुषपणे मारून टाकलं. त्याला जन्मठेप झाली. अपील सर्वोच्च न्यायालयात आलं आणि १४ फेब्रुवारी २०११ रोजी न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. ज्ञानसुधा मिश्रा यांनी ते फेटाळलं. एरवी फाइल तिथेच बंद झाली असती. पण या दोन न्यायमूर्तींनी प्रकरण चालू ठेवलं आणि त्याला जनहिताच्या सुनावणीचं रूप दिलं. कायद्याच्या पुस्तकांत ते ‘बुद्धदेव कर्मस्कर विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य’ म्हणून ओळखलं जातं. नाव मारणाऱ्याचं आहे. जिच्यामुळे पुढच्या अकरा वर्षांत एवढं काम उभं राहिलं, ती त्या नावात कुठेच नाही.

जुलै २०११ मध्ये न्यायालयाने ज्येष्ठ वकील प्रदीप घोष यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. कोलकात्याच्या सोनागाछी वस्तीतली दरबार महिला समन्वय समिती, म्हणजे देहविक्री करणाऱ्या स्त्रियांचीच संघटना, तिचाही या कामात सहभाग होता. समितीला तीन विषय दिले होते : मानवी तस्करी रोखणं, ज्यांना बाहेर पडायचं आहे त्यांचं पुनर्वसन, आणि ज्यांना हे काम चालू ठेवायचं आहे त्यांना सन्मानाने काम करता येईल अशी परिस्थिती. तिसऱ्या विषयावर केंद्र सरकारने हरकत घेतली. जुलै २०१२ मध्ये न्यायालयाने त्याची शब्दरचना बदलली. आता ती घटनेच्या अनुच्छेद २१ प्रमाणे सन्मानाने ‘जगता’ येईल अशी परिस्थिती निर्माण करण्याबद्दल झाली. ‘काम’ गेलं, ‘जगणं’ आलं. म्हणजे देहविक्रीला काम म्हणून मान्यता द्यायची का, हा वाद न्यायालयापुढे २०१२ मध्येच येऊन गेला होता आणि न्यायालयाने त्यापासून जाणीवपूर्वक अंतर राखलं होतं. २०२२ ची बातमी लिहिणाऱ्याने ही एवढी पार्श्वभूमी वाचली असती, तरी ‘मान्यता’ हा शब्द लिहिताना त्याचा हात थांबला असता.

समितीने २०१६ मध्ये अंतिम अहवाल दिला. सरकार कायदा करण्याच्या विचारात असल्याचं न्यायालयाला सांगत राहिलं आणि वर्षं निघून गेली. शेवटी २०२२ मध्ये न्यायालयाने अनुच्छेद १४२ खालचे आपले विशेष अधिकार वापरून, संसद कायदा करेपर्यंत काय पाळायचं ते सांगितलं.

आता गफलत कुठे झाली ते पाहू. आदेशात समितीच्या दहा शिफारसी उतरवल्या आहेत. पहिली शिफारस अशी : स्त्री सज्ञान आहे आणि स्वतःच्या संमतीने या कामात आहे हे स्पष्ट असेल, तर पोलिसांनी हस्तक्षेप करू नये, फौजदारी कारवाई करू नये. तिसरी अशी : कुंटणखान्यावर छापा पडला तर तिथल्या स्त्रियांना अटक, दंड किंवा छळ होऊ नये, कारण स्वेच्छेची देहविक्री बेकायदा नाही, कुंटणखाना चालवणं बेकायदा आहे. बातम्यांचे मथळे प्रामुख्याने या दोन शिफारसींतून निघाले. पण केंद्र सरकारने सगळ्या शिफारसी मान्य केलेल्या नव्हत्या. ज्यांवर आक्षेप नव्हता त्या दोन, चार, पाच, सहा, सात आणि नऊ या क्रमांकांच्या शिफारसी. राज्यांनी काटेकोरपणे पाळायच्या म्हणून न्यायालयाने सांगितल्या त्या याच सहा. पहिली आणि तिसरी त्यांत नाहीत. त्यांच्यावर केंद्राने उत्तर द्यावं, एवढंच न्यायालय म्हणालं.

ज्या शिफारसींचा आदेश झाला नाही त्या मथळ्यात गेल्या, आणि ज्यांचा झाला त्या शेवटच्या परिच्छेदात गेल्या किंवा गळाल्या. क्रमांकांकडे लक्ष न देता वाचलं, तर दहाही शिफारसी आदेशच वाटतात, हे खरं आहे. त्यात आदेशातलं एक वाक्य बातमीला सोयीचं होतं : व्यवसाय कोणताही असला तरी या देशातल्या प्रत्येक व्यक्तीला अनुच्छेद २१ खाली सन्मानाने जगण्याचा अधिकार आहे. या वाक्यात जोर ‘प्रत्येक व्यक्ती’वर आहे. बातमीत तो ‘व्यवसाया’वर आला. एका ठिकाणी इंग्रजी मथळा पडला, त्यावरून दुसऱ्याने मराठी केला, तिसऱ्याने त्यावर चर्चा लावली. मूळ आदेश न्यायालयाच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येत होता आणि तो मोठाही नाही. वृत्तसंपादकाचा अर्धा तास पुरला असता.

बरं, कायद्याची स्थिती आदेशाआधी काय होती आणि नंतर काय झाली? आपण ज्याला ‘पिटा’ म्हणतो तो कायदा १९५६ चा, १९८६ च्या दुरुस्तीत त्याला आजचं नाव मिळालं : अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम. कुंटणखाना चालवणं, दुसऱ्याच्या देहविक्रीच्या कमाईवर जगणं, एखादीला या धंद्यात आणणं, तिला डांबून ठेवणं, हे सगळे त्यात गुन्हे आहेत. स्त्रीवर स्वतःवर गुन्हा लागतो तो सार्वजनिक जागेजवळ किंवा देऊळ, शाळा, रुग्णालय यांच्या दोनशे मीटरच्या आत देहविक्री केल्याबद्दल, आणि रस्त्यावर गिऱ्हाइकाला खुणावल्याबद्दल. देहविक्री म्हणून वेगळा गुन्हा त्यात कधीच नव्हता. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. पृथ्वीराज चव्हाण यांनी सप्टेंबर २०२० मध्ये हेच स्पष्ट केलं होतं. मालाडच्या एका छाप्यात सापडलेल्या तीन सज्ञान तरुणींना खालच्या न्यायालयाने संस्थेत ठेवण्याचा हुकूम दिला होता. उच्च न्यायालयाने त्यांना मोकळं केलं आणि सांगितलं की कोणी देहविक्री करते एवढ्यावरून तिला शिक्षा करणारी तरतूद या कायद्यात नाही. त्या वेळीही ‘वेश्याव्यवसाय गुन्हा नाही’ अशाच बातम्या झाल्या. त्या तिघी कायद्याने पीडित असूनही वर्षभर अडकून पडल्या होत्या, ही माझ्या मते मोठी बातमी होती. ती आत कुठेतरी गेली.

म्हणजे २०२२ मध्ये नव्याने काहीही ‘कायदेशीर’ झालं नाही आणि काहीही ‘बेकायदा’ झालं नाही. जे बदललं ते वेगळं आणि जास्त कामाचं होतं. लैंगिक अत्याचार झालेल्या या व्यवसायातल्या स्त्रीला इतर कुठल्याही पीडितेप्रमाणे तातडीची वैद्यकीय मदत मिळाली पाहिजे. पोलिसांनी शिवीगाळ, मारहाण, जबरदस्ती करता कामा नये. तिच्या पाकिटातले निरोध हा तिच्याविरुद्धचा पुरावा धरता येणार नाही. संरक्षणगृहांत मनाविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान स्त्रियांचं राज्यांनी सर्वेक्षण करून त्यांना ठरावीक मुदतीत सोडावं. विधी सेवा प्राधिकरणांनी त्यांना त्यांचे हक्क समजावून सांगावेत. शिवाय आधार कार्ड : पत्त्याचा पुरावा नसला तरी राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या राजपत्रित अधिकाऱ्याच्या किंवा राज्य एड्स नियंत्रण सोसायटीच्या प्रकल्प संचालकाच्या प्रमाणपत्रावर ते मिळावं, आणि त्यावर तिचा व्यवसाय ओळखू येईल अशी कोणतीही खूण नसावी.

शेवटच्या मुद्द्याचं मोल ज्याने २०२० चं टाळेबंदीचं वर्ष पाहिलं त्याला कळेल. कामाठीपुरा, बुधवार पेठ, भिवंडी, सगळीकडे धंदा एका रात्रीत थांबला. रेशन कार्ड नाही म्हणून धान्य नाही. सप्टेंबर २०२० मध्ये याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ओळखपत्राचा आग्रह न धरता धान्य द्या असं सांगितलं. त्यानंतर महाराष्ट्र सरकारने ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांसाठी दरमहा ५००० रुपये आणि शाळेत जाणारी मुलं असलेल्यांना आणखी २५०० रुपये देण्याचा निर्णय घेतला. बँक खातं नसलेल्या बाईपर्यंत हे पैसे पोचवायचे कसे, या प्रश्नात कितीतरी जणी अडकल्या. ‘व्यवसायाची मान्यता’ या वादापेक्षा आधार कार्डाचा परिच्छेद एखाद्या बाईच्या आयुष्यात जास्त फरक करणारा होता.

आता सहाव्या शिफारसीकडे येतो. ती लागू झालेल्या सहांपैकी आहे. छापा, अटक किंवा सुटकेच्या कारवाईत कोणत्याही स्त्रीची ओळख उघड होणार नाही याची माध्यमांनी पूर्ण काळजी घ्यावी, मग ती पीडित असो की आरोपी. ओळख पटेल असं छायाचित्र छापू किंवा दाखवू नये. यासाठी प्रेस कौन्सिलने मार्गदर्शक सूचना काढाव्यात. पुढे असंही आहे की सुटकेची कारवाई टिपण्याच्या नावाखाली स्त्रियांची गिऱ्हाइकांसोबतची दृश्यं दाखवणाऱ्या वाहिन्यांवर भारतीय दंड संहितेचं कलम ३५४-क, म्हणजे चोरून पाहण्या-टिपण्याविरुद्धचं कलम, कडकपणे लावावं. भारतीय न्याय संहितेत ते आता कलम ७७ आहे. ज्यांच्याविषयी हे लिहिलं होतं त्यांनीच त्या आदेशाची बातमी केली, आणि बहुतेक ठिकाणी हा भाग वगळला किंवा एका ओळीत उरकला.

हे का घडतं ते समजून घ्यायला मराठी वर्तमानपत्रातली छाप्याची नेहमीची बातमी उघडून पाहावी. तिचा साचा ठरलेला आहे. ‘सेक्स रॅकेटचा पर्दाफाश’ किंवा ‘स्पा सेंटरच्या नावाखाली वेश्याव्यवसाय’. बनावट गिऱ्हाईक पाठवून सापळा. मग पथकात कोण कोण अधिकारी होते त्यांची हुद्द्यासह यादी, कधी कधी एक अख्खा परिच्छेद. मग ‘पीडित’ स्त्रियांची संख्या, त्या कुठल्या राज्यातल्या. मग जप्त मुद्देमाल : रोख रक्कम, मोबाईल, निरोधची पाकिटं. शेवटी एक छायाचित्र, ओढण्यांनी तोंडं झाकलेल्या बायका खाली मान घालून एका रांगेत आणि मागे पथक. ही बातमी पोलिसांच्या प्रेसनोटवर उभी असते. बातमीदार तिथे नसतो, बायकांशी कुणी बोललेलं नसतं, आणि मुदतीच्या घाईत प्रेसनोटची वाक्यं तशीच उतरतात.

या साच्यात कोणती माहिती उघड होते ते बघा. नाव नसलं तरी वय असतं. इमारतीचं नाव, मजला असतो. मूळ गाव नाही तर जिल्हा असतो. अंगावरचा ड्रेस, हातावरचं गोंदण, चप्पल. शहरातल्या वाचकाला यातून काही कळत नाही. पण जिच्या घरी ‘पुण्यात कंपनीत काम करते’ असं सांगितलेलं आहे, तिच्या भावाला, नवऱ्याला, शेजारणीला सगळं कळतं. ओढणी चेहरा झाकते, माणूस झाकत नाही. मुद्देमालात निरोध लिहिण्याचा परिणाम तर त्याहून गंभीर आहे. एचआयव्हीच्या कामात वर्षानुवर्षं या स्त्रियांना सांगितलं गेलं की निरोध जवळ ठेवा. पोलीस तो पुरावा म्हणून उचलतात आणि आपण तो पुरावा म्हणून छापतो, तेव्हा घरवाली, म्हणजे कुंटणखाना चालवणारी बाई, ठरवते की आता खोलीत ठेवायचेच नाहीत. सातवी शिफारस नेमकी यासाठी होती.

आणखी एक गोष्ट या साच्यात लपते. बातमी ‘सुटका’ म्हणून संपते. त्यानंतर त्या बाईचं काय होतं? पिटाच्या कलम १७ खाली न्यायदंडाधिकारी चौकशी करून तिला संरक्षणगृहात एक ते तीन वर्षं ठेवू शकतात. जी खरोखर डांबलेली होती, जी अल्पवयीन होती, तिला आधार आणि सुरक्षितता हवीच. पण सज्ञान बाई ‘मला जायचं आहे’ म्हणत असताना तिला आत ठेवलं जातं, तेव्हा तिच्यामागे गावाकडे मुलं असतात, कर्जाचा हप्ता असतो. चौथी शिफारस याच स्त्रियांबद्दल आहे.

मानवी तस्करीविरुद्ध काम करणाऱ्या अनेकांना मथळ्यांनी मनापासून धास्तावलं, आणि त्यांची धास्ती मी हलक्यात घेत नाही. हैदराबादची ‘प्रज्वला’, कामाठीपुऱ्यात १९८६ पासून मुलांसाठी काम करणारी ‘प्रेरणा’ यांसारख्या संस्थांनी विकल्या गेलेल्या मुली, दुसऱ्या पिढीला धंद्यात ओढणारी साखळी जवळून पाहिली आहे. दलालाच्या हाती ‘आता कायदेशीर आहे, पोलिसांकडे जाऊन उपयोग नाही’ हे वाक्य पडलं, तर तो ते नवख्या मुलीला घाबरवायला वापरणार. तस्करीचा कायदा शाबूत होता. २०१३ च्या दुरुस्तीने भारतीय दंड संहितेत आलेल्या कलम ३७० मध्ये (भारतीय न्याय संहितेत ते आता कलम १४३ आहे) फसवून, दबाव आणून, सत्तेचा गैरवापर करून शोषणासाठी आणलेल्या व्यक्तीची संमती विचारातच घेतली जात नाही, आणि अल्पवयीन मुलीच्या संमतीचा तर प्रश्नच येत नाही. हे कुठल्याही बातमीत दोन ओळींत सांगता आलं असतं. ते न सांगितल्याने तस्करीविरुद्धचे कार्यकर्ते आणि सांगलीच्या ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषदे’सारख्या स्त्रियांच्या स्वतःच्या संघटना एकमेकींसमोर उभ्या असल्याचं चित्र तयार झालं. खरं तर लागू झालेल्या सहाही शिफारसींवर या दोन्ही बाजूंचं बऱ्याच अंशी एकमत होऊ शकतं. पोलिसांनी मारू नये, बलात्कार झाला तर उपचार मिळावेत, चेहरा दाखवू नये, याला कोण विरोध करणार? पण वाहिनीला एकमत दाखवायचं नसतं.

आदेशाच्या आदल्याच वर्षी, ऑगस्ट २०२१ मध्ये, नागपूरच्या गंगा-जमुना या देहविक्रीच्या वस्तीत हेच दिसलं होतं. पोलिसांनी जमावबंदी लावून, रस्ते अडवून वस्ती बंद केली. जवळ प्रार्थनास्थळं आणि शाळा असल्याचा आधार दिला गेला. नेते आले, आंदोलनं झाली, स्थानिक रहिवाशांच्या तक्रारी पुढे आल्या. ‘वस्ती हटवा’ आणि ‘हटवू नका’ या दोन घोषणांत आठवडे गेले. तिथल्या स्त्रिया मला बातम्यांतून दिसल्या त्या मुख्यतः गर्दीच्या दृश्यांत. एका बाईची महिन्याची कमाई किती, घरभाडं किती, मुलं कोणत्या शाळेत, बंदच्या काळात ती कुठे गेली, अशी चार वाक्यं शोधायला मला बरंच वाचावं लागलं.

माध्यमांनी या विषयावर काही चांगलं केलंच नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. मुंबईत अल्पवयीन मुलींच्या विक्रीविषयीच्या वर्तमानपत्रातल्या बातमीची मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली होती. फेब्रुवारी १९९६ च्या मोठ्या छाप्यांत मुंबईच्या वस्त्यांतून चारशेहून अधिक मुली आणि स्त्रिया बाहेर काढल्या गेल्या, त्यांत नेपाळच्या मुली मोठ्या संख्येने होत्या. पुढे त्या महिनोन्‌महिने अपुऱ्या सुधारगृहांत राहिल्या, मायदेशी परतण्यात अडथळे आले. बातमीने दार उघडलं, पण दार उघडल्यानंतरच्या महिन्यांत बातमीदार तिथे थांबायला हवा होता.

मग २०२२ च्या त्या दिवशी बातमी कशी लिहिता आली असती? मथळा : ‘देहविक्री करणाऱ्या स्त्रियांना पोलिसांनी सन्मानाने वागवावं, छाप्यात चेहरे दाखवू नयेत : सर्वोच्च न्यायालय’. पहिल्या परिच्छेदात लागू झालेल्या सहा बाबी. दुसऱ्यात, संमतीने काम करणाऱ्या सज्ञान स्त्रीवर कारवाई नको ही शिफारस केंद्राच्या आक्षेपामुळे अजून अनिर्णित असल्याचं स्पष्ट वाक्य. तिसऱ्यात पिटा आणि कलम ३७० तसंच असल्याचं. शेवटी आधार कार्डासाठी कुणाकडे जायचं. हा मथळा कमी वाचला गेला असता का? मला तसं वाटत नाही. तो बुधवार पेठेतल्या बाईने कापून उशाखाली ठेवला असता, पुढच्या छाप्याला हवालदाराला दाखवायला.

छाप्याच्या रोजच्या बातमीतही बदल फार अवघड नाही. छायाचित्र नको, इमारतीचं नाव नको, निरोधाचा उल्लेख नको. दलाल आणि चालकावर कोणती कलमं लावली ते लिहा, कारण गुन्हा त्यांचा आहे. बाई सज्ञान की अल्पवयीन, हे पोलिसांच्या अंदाजावर न सोडता तपासणी झाली का ते विचारा. आणि सहा महिन्यांनी पुन्हा विचारा : चालकावर दोषारोपपत्र दाखल झालं का, ती बाई कुठे आहे.

चौथ्या शिफारसीचं सर्वेक्षण महाराष्ट्रात झालं का, झालं असेल तर किती सज्ञान स्त्रिया मनाविरुद्ध ठेवलेल्या आढळल्या, त्यांतल्या किती सुटल्या, कोणत्या जिल्ह्यातल्या गृहात किती महिन्यांनी, याची सविस्तर बातमी मराठीत माझ्या वाचनात आलेली नाही. महिला व बालविकास आयुक्तालय पुण्यात आहे. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपयांचं तिकीट लागतं.